मेडिकलला जाताना जुनी फाइल सोबत न्या

होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकली की हेब्बगोडी लागतं आणि त्यापुढे बोम्मसंद्रा. कारखान्यांची वसाहत म्हणून हे गाव वाढलं. डॉ. देवी शेट्टी यांच्या नारायणा हेल्थ सिटीचा पत्ताही ‘बोम्मसंद्रा इंडस्ट्रियल एरिया’ असाच आहे. १० ऑगस्ट २०२५ ला मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन झालं आणि आर. व्ही. रोडपासून थेट इथपर्यंत गाडी आली. इथे आणि शेजारच्या जिगणीत, इलेक्ट्रॉनिक सिटीत बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची मराठी मंडळीही नोकरी करतात. त्यांच्यातल्या एखाद्याची कॅनडाची किंवा ऑस्ट्रेलियाची फाइल लागते, आणि मग एक दिवस घरात शब्द येतो: मेडिकल.

तो शब्द ऐकला की पुष्कळ जण एक ठरावीक गोष्ट करतात. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घेतात, रिपोर्टांची जाड फाइल तयार करतात आणि ती अपलोड कुठे करायची हे विचारत फिरतात. ती कुठेच अपलोड होत नाही. हॉस्पिटल कितीही नावाजलेलं असो, त्या त्या देशाने नेमलेल्या यादीत ज्याचं नाव आहे त्या पॅनेल डॉक्टरने केलेली तपासणीच धरली जाते. ही यादी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर असते, ती बदलत राहते, म्हणून एजंटच्या तोंडी माहितीपेक्षा तिथेच पाहावं. आणि ‘मेडिकल सेट करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवावं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांचे निकाल ‘ई-मेडिकल’ नावाच्या प्रणालीतून डॉक्टरकडून थेट त्या सरकारकडे जातात. मूळ पासपोर्ट पाहून, फोटो काढून माणूस तोच असल्याची खात्री होते. व्हिसा द्यायचा की नाही हे पॅनेल डॉक्टर ठरवत नाही. तो पाहतो, नोंदवतो आणि पाठवतो.

वेळेचाही हिशेब आहे. कॅनडाची तपासणी साधारण बारा महिने चालते, ब्रिटनचं टीबीचं प्रमाणपत्र सहा महिने. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत पूर्वी अर्ज गेल्यावर मेडिकलची सूचना यायची. २१ ऑगस्ट २०२५ पासून ते अर्जाआधीच करून निकालाचा कागद जोडावा लागतो. म्हणजे घोळ निघालाच तर तो सुरुवातीलाच निघतो, आणि माझ्या मते ते अर्जदाराच्या हिताचंच आहे.

या सगळ्या तपासणीच्या मुळाशी दोनच प्रश्न असतात. या माणसापासून तिथल्या लोकांना काही संसर्ग होईल का? आणि याच्या उपचारांचा खर्च तिथल्या सरकारवर किती पडेल? तुम्ही किती तंदुरुस्त आहात हा प्रश्नच नाही. म्हणून मधुमेहाची गोळी सुरू आहे, रक्तदाब आहे, चष्म्याचा नंबर मोठा आहे, अशा गोष्टींनी घाबरून जाण्याचं कारण नसतं. गोळ्यांनी आटोक्यात असलेल्या मधुमेहावरून कुणाचा अर्ज सहसा अडत नाही. अडतो तो छातीच्या एक्स-रेवर.

एक्स-रेची खोली पाहिली की काही बारकावे कळतात. बाईंना मंगळसूत्र, साखळी, पिना काढायला सांगतात, गाऊन देतात, आणि वेणी असेल तर ती डोक्यावर बांधायला लावतात. हा शिस्तीचा बडगा नाही. खांद्यावर आलेल्या जाड वेणीची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, आणि क्षयाचा डागही नेमका तिथेच, वरच्या भागात आढळतो. वेणीमुळे पुन्हा फिल्म काढावी लागली तर एक चक्कर वाढते. छाती पाटीला टेकवायची, हात कमरेवर, खांदे पुढे, ‘श्वास घ्या, धरून ठेवा’. श्वास अर्धवट घेतला तर फुप्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसतो. लघवीच्या तपासणीचंही तसंच. पाळीच्या दिवसांत गेलं तर लघवीत रक्त दिसतं आणि पुन्हा बोलावतात, म्हणून तारीख पाहून अपॉइंटमेंट घ्यावी. गरोदर बाईंनी मात्र एक्स-रेआधी स्पष्ट सांगावं. ब्रिटनच्या तपासणीत त्यांना शिशाचं आवरण घेऊन एक्स-रे काढणं, त्याऐवजी थुंकीची तपासणी करणं किंवा बाळंतपणापर्यंत थांबणं, असे पर्याय असतात. कॅनडाही एक्स-रे बाळंतपणानंतर काढू देतो, तोवर अर्ज मात्र थांबतो.

भारतीय अर्जदाराच्या छातीकडे एवढं बारीक लक्ष का? कारण जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ नवे रुग्ण होते, २०२३ मध्ये ते १९५ वर आले. उतार चांगला आहे, पण ब्रिटन लाखामागे ४० ही रेघ धरून त्यावरच्या देशांतून सहा महिन्यांहून जास्त काळासाठी येणाऱ्यांकडे टीबीचं प्रमाणपत्र मागतं. आपण त्या रेघेच्या फार वर आहोत.

जंतू शरीरात शिरणं आणि आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे शिकलेल्या घरांतही माहीत नसतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के भारतीयांच्या शरीरात क्षयाचा संसर्ग सुप्त अवस्थेत आढळला. यातल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. बाकीच्यांचा जंतू झोपलेला असतो, तो दुसऱ्या कुणाला लागत नाही. अमेरिकेच्या कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी दोन ते चौदा वर्षांच्या आपल्या मुलांची रक्ताची ‘इग्रा’ चाचणी होते, ती हा सुप्त संसर्ग शोधते. जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजीमुळे ती फसत नाही, जुनी कातडीवरची चाचणी फसायची. ‘इग्रा’ पॉझिटिव्ह आली म्हणजे मुलाला टीबी झाला असं नाही. पुढची पायरी एक्स-रेची, एवढाच त्याचा अर्थ.

एक्स-रेत डाग दिसला तर? तो ताजा आजार असेल, वर्षांपूर्वी बरा झालेला व्रण असेल किंवा क्षयाशी संबंध नसलेलं दुसरंच काही असेल. आमच्या या पट्ट्यात तिसरी शक्यता मुद्दाम ध्यानात ठेवायला हवी. जिगणीत ग्रॅनाइट कापायचे, घासायचे कारखाने आहेत. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिसच्या गाठी होतात, त्याही फुप्फुसाच्या वरच्या भागात, दिसायला क्षयासारख्या. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त. फाउंड्रीत किंवा दगडकामात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाने पॅनेल डॉक्टरला कामाचा इतिहास न विचारताच सांगावा.

डाग संशयास्पद वाटला की थुंकी मागतात. ओळीने तीन दिवस, सकाळी उठल्याउठल्या खोकून काढलेला बेडका. मग सुरू होते आठ आठवड्यांपर्यंतची वाट, आणि इथे लोकांचा धीर सुटतो. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट यंत्र दोन तासांत निकाल देतं, मग यांना दोन महिने कशाला? कारण सीबीनॅट जंतूची जनुकीय खूण शोधतं, आणि उपचार होऊन बरा झालेल्या माणसाच्या थुंकीत मेलेल्या जंतूंचीही खूण सापडू शकते. जंतू जिवंत आहे का, हे तो वाढवून पाहिल्याशिवाय पक्कं कळत नाही. पोटातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाचा जंतू वीसेक तासांत. तो संथ म्हणून ही वाट लांब. या दोन महिन्यांत ज्यांनी आधीच राजीनामा दिलेला असतो, घरमालकाला नोटीस दिलेली असते, मुलांचे शाळेचे दाखले काढलेले असतात, त्यांचे फार हाल होतात. मेडिकलचा निकाल लागेपर्यंत यातलं काहीही करू नये.

खरोखर ताजा क्षय निघाला तरी दार कायमचं बंद होत नाही. सहा महिन्यांची औषधं नियमाने घेऊन, थुंकी स्वच्छ झाल्याचं दाखवून अर्ज पुढे जातो. जुना, बरा झालेला व्रण असलेल्यांना बहुतेक वेळा जाऊ देतात. कॅनडा अशांना पोचल्यावर तीस दिवसांत तिथल्या आरोग्य खात्याशी संपर्क करायला लावतो, ऑस्ट्रेलिया हमीपत्र घेतो. याला घाबरायचं काही कारण नाही, वर्षभरात एकदोन चकरा मारायच्या एवढंच.

घाबरायला हवं ते लपवण्याला. ‘टीबी झाला होता का?’ या प्रश्नाला आपल्याकडचं ठरलेलं उत्तर आहे: ‘नाही हो, कॉलेजात असताना छातीत पाणी झालं होतं.’ तरुण वयात फुप्फुसाभोवती पाणी साठण्याचं भारतातलं सर्वांत मोठं कारण क्षयच आहे, आणि त्या पाण्यावर दिलेल्या सहा महिन्यांच्या गोळ्या क्षयाच्याच होत्या. घरच्यांना ते माहीत असतं. पण मुलीचं लग्न जमायचं होतं, शेजारी काय म्हणतील ही धास्ती होती, म्हणून शब्द बदलला, आणि कालांतराने मुलीलाही तो बदललेला शब्दच खरा वाटू लागला. एक्स-रेत मात्र फुप्फुसाचा खालचा कोपरा बोथट झालेला दिसतो. आता फॉर्मवर ‘नाही’ आणि फिल्मवर ‘हो’. आजार बरा झालेला असूनही शंका निर्माण होते ती माणसाच्या खरेपणाबद्दल. कॅनडाच्या कायद्यात महत्त्वाची माहिती दडवल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही. सहा महिन्यांच्या औषधापेक्षा ही शिक्षा मोठी.

या लाजेबद्दल बोलताना बंगळुरूतच झालेलं एक काम आठवतं. १९५९ मध्ये इथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिच्यातले डॉ. देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर भागात पाहणी केली, ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. खेड्यातला रुग्ण अडाणी, तो आजार अंगावर काढतो, ही तोवरची समजूत. पाहणीत दिसलं की निम्म्याच्या आसपास रुग्ण आपण होऊन दवाखान्यात गेले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत आले होते. रुग्ण बोलला होता, समोरच्याने ऐकलं नव्हतं. त्याच सुमारास, १९५९ मध्ये, मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिलं की घरी राहून औषधं घेणारा रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो. मिरजेजवळच्या वानलेसवाडीला हवापालटासाठी माणूस न्यायचा, तो बरा होईतो त्याच्याबद्दल हळू आवाजात बोलायचं, ते दिवस औषधांनी संपवले. हळू आवाज मात्र अजून संपलेला नाही.

लपवण्याऐवजी कागद जमवावेत. २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे आणि ‘निक्षय’ पोर्टलवर रुग्णाचा क्रमांक असतो. त्यामुळे त्यानंतरच्या उपचारांचा पुरावा क्षयरोग केंद्रातून मिळू शकतो. त्याआधीच्या उपचारांसाठी जुनी चिठ्ठी, जुनी फिल्म, काहीही उपयोगी पडतं. चार वर्षांपूर्वीच्या एक्स-रेतला डाग आज तसाच, तेवढाच असेल तर तो शांत असल्याचं डॉक्टरला दाखवता येतं. कपाटाच्या वर गुंडाळून ठेवलेल्या त्या फिल्मा रद्दीत घालू नका.

आखाताचं गणित वेगळं आहे. रत्नागिरी, रायगडमधल्या घरांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पूर्वी ‘गॅम्का’ म्हणत, आता ‘वाफिद’ या प्रणालीतून केंद्र मिळतं, आणि निकाल एका शब्दात: फिट किंवा अनफिट. तिथे बरा झालेला जुना व्रण, छातीतल्या पाण्याची राहिलेली खूणही अनफिट ठरवते. पोचल्यावर पुन्हा तपासणी होते आणि त्यात काही निघालं तर परत पाठवतात. औषध पूर्ण करून वर्षानुवर्षं धडधाकट काम करणाऱ्या माणसाला फक्त सावलीवरून नाकारणं वैद्यकशास्त्राला धरून नाही, असं मला ठाम वाटतं. पण नियम आहे तोवर कर्ज काढून एजंटचे पैसे भरण्याआधी आपल्या गावातच एक एक्स-रे काढून पाहावा.

सीमेवरच्या डॉक्टरबद्दल आपल्या लोकांच्या मनात जो संशय आहे, तो उगाच आलेला नाही. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांची तपासणी निघताना डेपोत व्हायची आणि पोचल्यावर पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर. १८४९ मध्ये बांधायला घेतलेल्या आणि आता जागतिक वारसा असलेल्या त्या वास्तूत रुग्णालयाच्या खोल्यांचे अवशेष आजही आहेत. १८५६ मध्ये कॉलरा झालेल्या दोन जहाजांवरचे प्रवासी गॅब्रिएल बेटावर उतरवले गेले आणि तिथे माणसं मोठ्या संख्येने मेली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंडवर १९१० पासून पोटातल्या अंकुशकृमीचं निमित्त करून हिंदी मजुरांना अडवलं जाई. तो कृमी औषधाने जाणारा होता. आणि १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य चाचणी’ केली गेली. १ फेब्रुवारीला ‘गार्डियन’ने ते छापलं, ओरड झाली, प्रथा थांबवावी लागली. पुढे २०११ मध्ये उजेडात आलेल्या कागदपत्रांनुसार भारतातल्या ब्रिटिश कचेऱ्यांतूनही अशा किमान ऐंशी चाचण्या झाल्या होत्या. संसर्ग रोखणं आणि माणसाला हिणवणं यातली सीमा ओलांडली जाते तेव्हा काय होतं, हे त्या बायकांनी सोसलं आहे. म्हणून आजही तपासणीच्या खोलीत बाईंनी सोबत एखादी स्त्री मागितली तर तो तिचा हक्क समजावा.

आता दुसरा प्रश्न, खर्चाचा. इथे बोम्मसंद्र्यात हृदयाला छिद्र असलेली लेकरं घेऊन देशभरातून आईबाप येतात. ऑपरेशन होतं, मूल वाढतं, धावतं, इंजिनिअर होतं. पंचवीस वर्षांनी मेडिकलच्या एक्स-रेत छातीच्या हाडावर तारेचे गोल वेढे ओळीने चमकतात. शस्त्रक्रियेनंतर हाड जोडायला बांधलेल्या त्या तारा जन्मभर राहतात. पॅनेल डॉक्टर मग हृदयतज्ज्ञाचा अहवाल मागतो: काय होतं, काय केलं, पुढे काही करावं लागेल का? याचं उत्तर डिस्चार्ज समरीत असतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने कागद जपण्याचं बंधन तीन वर्षांचं आहे, आणि रुग्णाने मागितल्यास ते ७२ तासांत द्यायचे असतात. तीन वर्षांनंतर भरवसा आपल्याच कपाटाचा.

कॅनडात वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त बोजा पडणार असेल तर अर्ज नाकारता येतो. २०२५ साठी ती रक्कम २७,१६२ कॅनेडियन डॉलर होती. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून आपली मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर केली, न्यूझीलंडची पाच वर्षांसाठी ८१,००० डॉलर आहे. डायलिसिस सुरू असलेला माणूस या रेघेपलीकडे जातो. आणि जातात ती मुलं, ज्यांना आयुष्यभर आधाराची गरज आहे. एकाचा अर्ज अडला की बहुतेक वेळा सगळं कुटुंब अडतं.

मला यातलं सर्वांत खुपतं ते हे. संसर्गाची तपासणी समजू शकते, तिथे शेजाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. पण डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाकडे पाहून त्याच्या शाळेचा खर्च मांडायचा आणि त्यावरून त्याच्या आईवडिलांच्या वीस वर्षांच्या मेहनतीवर काट मारायची, हे कुठल्याही सुसंस्कृत समाजाला शोभत नाही. कॅनडातल्या लोकांनाही ते खुपलं. २००५ मध्ये हिलेविट्झ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता आजाराचा शिक्का पाहून चालणार नाही, त्या कुटुंबाची प्रत्यक्ष ऐपत आणि गरज तपासा. २०१६ मध्ये टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या एका कोस्टा रिकन प्राध्यापकाला मुलाच्या डाऊन सिंड्रोममुळे नकार मिळाला तेव्हा मोठी चर्चा झाली, आणि २०१८ मध्ये सरकारने मर्यादा तिप्पट केली, विशेष शिक्षणाचा खर्च हिशेबातून काढून टाकला. पती, पत्नी आणि अवलंबून असलेली मुलं यांना कुटुंबाच्या प्रायोजनावर बोलावलं असेल तर ही खर्चाची अट मुळातच लागू नाही. ऑस्ट्रेलियात काही प्रकारच्या व्हिसांत सूट मागता येते.

म्हणून खर्चावरून शंका घेणारं पत्र आलं तर हाय खाऊन फाइल बंद करू नये. कॅनडा नकाराआधी असं पत्र पाठवून ठरावीक मुदतीत उत्तर मागतो. ते उत्तर लिहायला तिथला वकील लागेल, पण त्यातला दारूगोळा इथूनच जातो. मूल ज्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं जातं त्यांच्याकडून सविस्तर पत्र घ्यावं: आजाराचं नाव, सध्याची स्थिती, पुढच्या पाच वर्षांत लागणारं प्रत्येक औषध, त्याचा डोस, तपासणी किती महिन्यांनी, शस्त्रक्रिया लागणार की नाही. ‘प्रकृती उत्तम, प्रवासास हरकत नाही’ अशा दोन ओळींच्या दाखल्याचा तिथे उपयोग नाही. औषधाचं ब्रँडनेम लिहिलं असेल तर त्याच्या मूळ घटकाचं नावही लिहून घ्या, कारण तिथला अधिकारी स्वस्त जेनेरिक औषधाच्या किमतीवर हिशेब करू शकतो आणि तेवढ्यानेच कधी आकडा रेघेच्या खाली येतो. पत्रावर तारीख, नोंदणी क्रमांक आणि सही नीट वाचता येते ना, हे तिथे काउंटरवरच पाहून घ्या.